झाडीचा जबाब

पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या साथीने १९६१ पासून भारताच्या वनस्पतींचे जे मोठे नकाशे छापले, त्यांतल्या एका पानाचे नाव ‘वैनगंगा’ आहे. बालाघाट-गोंदियाचा सारा मुलूख त्या एका पानात मावतो. एके काळी असे पान पाहायचे तर एखाद्या मोठ्या ग्रंथालयाचा नकाशा-विभाग गाठावा लागे. आता या मालिकेतले नकाशे ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर थरांच्या रूपात ठेवलेले आहेत. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून उपग्रहचित्रे दाखवते, सर्व्हे ऑफ इंडियाची पाने २०१७ मध्ये ‘नक्शे’ या संकेतस्थळावर उतरवून घेण्यासाठी खुली झाली, आणि अमेरिकी सैन्याच्या नकाशा-विभागाने १९५० च्या दशकात काढलेली भारताची पाने टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुली केली आहेत. पडद्यावर बालाघाट जिल्ह्यातले किरनापूर शोधावे, एका थरावर दुसरा चढवावा, वरचा थर हळूहळू पुसट करत जावा, की रान डोळ्यांसमोर दाटते आणि विरळते. या सोयीचे मोल मोठे आहे. पण तिच्यामुळे एक गैरसमजही होतो. एकावर एक ठेवलेले थर म्हणजे एकाच प्रश्नाची वेगवेगळ्या काळातली उत्तरे, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. खरे तर प्रत्येक मोजणीमागचा प्रश्न निराळा होता. जुना नकाशा हा मोजणीदाराने दिलेला जबाब आहे. जबाब वाचताना साक्षीदार कोण, त्याला कोणी आणि काय पाहायला पाठवले होते, हे आधी विचारावे लागते. आणि किरनापूरच्या बाबतीत सर्वांत जवळचा साक्षीदार, म्हणजे खुद्द गाव, त्याचा थर या पडद्यावर अजून चढलेलाच नाही.

किरनापूर वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट आणि लांजी यांच्या मध्ये येते. सखल भागात भाताच्या बांध्या, तलाव आणि बोड्या; वर बैहरच्या पठाराकडे चढत जाणारे जंगल. बाघ नदीच्या अल्याड बालाघाट जिल्हा, पल्याड गोंदिया. आज ती दोन राज्यांची सीमा असली तरी रानाला आणि माणसांना ती फार उशिरा कळली. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले तेव्हा दोन्ही काठ एकाच मुलखाचे होते. १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग तोडून बालाघाट जिल्हा उभा केला गेला. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. पोवारी, मराठी, गोंडी बोलणारी माणसे मात्र दोन्हीकडे आहेत, आणि या सगळ्या पट्ट्याला आपण आजही ‘झाडी’ म्हणतो. रानावरूनच ज्या प्रदेशाचे नाव पडले, त्याच्या रानाचा इतिहास कोणाच्या शब्दांत लिहिला गेला, हा प्रश्न म्हणून जिव्हाळ्याचा आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही हा जिल्हा मोक्याचा आहे: मध्य भारतातले सालाचे राज्य आणि सागवानाचे राज्य इथे एकमेकांना भिडतात. अशा सरहद्दीवरच्या रानात झाडे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि कोणत्या तुकड्याला कोणते नाव द्यायचे हे मोजणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून राहते.

पहिला जबाब वनखात्याचा. मध्य प्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आला आणि कॅप्टन पिअरसन त्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे या डोंगराळ मुलखाचे वर्णन करणारे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. १८६५ आणि १८७८ या दोन वन कायद्यांच्या मधल्या काळात, १८७२ मध्ये, डेहराडूनला जंगलांच्या मोजणीची स्वतंत्र शाखा निघाली आणि राखीव जंगलांचे नकाशे मैलाला चार इंच अशा मोठ्या मापाने काढले जाऊ लागले. हे काम चिकाटीचे आणि बारकाईचे होते, याबद्दल दुमत नको. पण त्यामागचा प्रश्न होता इमारती लाकडाचा. साल, सागवान, बिजा, शिसम कुठे आहे आणि ते राखायचे तर हद्द कुठे ओढायची? १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे गोंदियावरून राजनांदगावकडे गेली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी सालाची मागणी वाढली. अशा वेळी हद्दीच्या आतले रान नकाशात तपशिलाने भरले जाणार आणि हद्दीबाहेरची जागा कोरी राहणार, हे ओघानेच आले. आज ते पान पडद्यावर चढवले की कोरी जागा उजाड वाटते. पण मालगुजारी, म्हणजे खासगी जमीनदारीच्या, गावांतले मोह, पळस, टेंभुर्णी, चार आणि बांबू त्याच कोऱ्या जागेत होते. त्या नकाशातली हिरवी रेघ मालकीची होती. तिला रानाची कड समजणे ही या साधनाने हातून घडणारी पहिली चूक.

दुसरा जबाब सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूनकाशांचा. किरनापूरचा भाग ६४ सी या क्रमांकाच्या पानात येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी नव्याने रंगीत मोजणी सुरू झाली आणि मैलाला एक इंच हे तिचे मुख्य माप ठरले. या पानांवर दाट जंगल, विरळ जंगल, झुडपे आणि गवत यांच्या वेगळ्या खुणा आहेत. तलाव आहेत, गाडीवाटा आहेत, एकाकी उभे मोठे झाडही कधी खूण म्हणून आहे. म्हणून अभ्यासक जंगलाच्या बदलाचे गणित बहुधा इथूनच मांडतात. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातल्या संशोधकांनी जुने भूनकाशे आणि उपग्रहचित्रे जुळवून असा हिशेब केला, की १९३० मध्ये देशात सुमारे ८,६९,००० चौरस किलोमीटर जंगल होते आणि २०१३ पर्यंत ते २८ टक्क्यांनी घटले. देशाच्या पातळीवर हा आकडा डोळे उघडणारा आहे. मात्र तो उचलून एखाद्या तहसिलीला लावायचा तर त्या तहसिलीचा त्याआधीचा काळ पाहावा लागतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी बालाघाट जिल्हा मोडून काढला. १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटली आणि १९०१ च्या जनगणनेत ती ३,२६,५२१ भरली. नांगर थांबला की या हवेत शेतात आधी गवत, मग पळस आणि बोर, मग विरळ झाडी उभी राहते. म्हणजे त्यानंतरच्या वर्षांत आलेल्या मोजणीदाराला जी झुडपे दिसली असतील, त्यांतली काही आदिम रानाची आणि काही मेलेल्या-परागंदा झालेल्या कुणब्यांच्या पडीक बांध्यांची असणार. त्याचा उलटा प्रवाहही होताच. ब्रिटिश अधिकारी कर्नल ब्लूमफील्ड यांच्या काळात सरकारनेच खालच्या खोऱ्यातल्या पोवार शेतकऱ्यांना बैहरच्या पठारावर वसायला नेले आणि तिथले रान नांगराखाली आले. सी. ई. लो यांचे जिल्हा गॅझेटिअर १९०७ मध्ये निघाले ते या सगळ्या उलथापालथीनंतर. जुन्या पानावर दिसणारे रान हे ‘मूळ’ रान आहे असे धरून चालता येत नाही. ते त्या वर्षीचे रान आहे, एवढेच त्या पानाच्या आधारे म्हणता येते.

तिसरा जबाब शास्त्रज्ञांचा. हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या जंगलांचे प्रकार लावून दिले. १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्याबरोबर त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि भारतीय वन सर्वेक्षण आजही त्याच चौकटीत जंगलांची नावे घेते. या चौकटीत कोरड्या पानगळीच्या प्रदेशातल्या झुडपांना जे संकेताक्षर मिळाले आहे, त्याचा अर्थच ‘ऱ्हासाची अवस्था’ असा आहे. म्हणजे झुडूप दिसले की तिथे पूर्वी उंच जंगल होते आणि ते बिघडून असे झाले, हा निष्कर्ष नावातच भरलेला आहे. फ्रेंच संस्थेच्या ‘वैनगंगा’ पानाची रीत निराळी, पण गृहीत तेच. हेन्री गोसेन यांच्या पद्धतीत रंग हवामान आणि झाडांची मालिका सांगतो, तर भरीव रंग, रेघा, ठिपके यांनी आजची स्थिती दाखवली जाते: भरीव असेल तर जंगल, विरत गेला तर झुडपे आणि गवत. ही कल्पना सुंदर आहे. एका दृष्टिक्षेपात पाऊस, माती आणि कुऱ्हाड यांचा संबंध कळतो. पण झुडपाला सागवानाच्या मालिकेचा रंग दिला की ते सागवानाचे मोडलेले घर ठरते. शिवाय मापाचा प्रश्न आहे. हे नकाशे दहा लाखास एक या मापाचे आहेत. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. वीस एकरांच्या तलावाला तिथे चौरस मिलिमीटरचा जेमतेम बारावा हिस्सा मिळतो. पडद्यावर हे पान हवे तितके मोठे करता येते, त्यामुळे त्यात गावापुरते सत्य आहे असा भास होतो. पण मोठे होते ते चित्र. माहिती होती तेवढीच राहते.

चौथा जबाब आकाशातून येतो. लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये गेला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल १९८७ पासून सुमारे दर दोन वर्षांनी येतो. त्याच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन वनाच्छादित; मालकी कोणाची, झाडे कोणती, हे विचारले जात नाही. या व्याख्येत बालाघाट जिल्ह्याची निम्म्याहून अधिक जमीन बसते आणि तो मध्य प्रदेशातल्या सर्वांत हिरव्या जिल्ह्यांत गणला जातो. आता चारही थर एकावर एक ठेवून पाहावेत. पहिल्यात जंगल म्हणजे सरकारी हद्द, दुसऱ्यात मोजणीदाराच्या नजरेला दाट दिसलेले रान, तिसऱ्यात हवामानाने घडवलेली वनस्पतींची जात, चौथ्यात पानांचे छत्र. पहिला थर काढून चौथा घातला आणि हिरवा रंग पसरला, तर रान वाढले की व्याख्या बदलली? जुनी पाने १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली आणि उपग्रहचित्रे आजच्या जागतिक संदर्भावर, त्यामुळे नीट बसवले नाही तर रानाची कड शेकडो फूट सरकते, हा तांत्रिक दोष वेगळाच. तो तज्ज्ञाला दुरुस्त करता येतो. व्याख्या सरकते ती मात्र कोणत्याही सूत्राने जुळवता येत नाही, कारण ती माणसांच्या हेतूंतून आलेली असते.

मग गावाचा जबाब कुठे आहे? तो महसुलाच्या दप्तरात आहे. मध्य प्रांताच्या मालगुजारी बंदोबस्तात प्रत्येक गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये रूढी लिहिल्या जात: जळण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, तलावाचे पाणी कोणाला आधी. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, ३१ मार्च १९५१ ला ती जमीन सरकारजमा झाली, आणि १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेने निस्तार पत्रकाची, म्हणजे गावकऱ्यांच्या वापरहक्कांच्या नोंदीची, तरतूद केली. या कागदांत रानाला लोकांचे शब्द आहेत. अल्याडच्या पटवाऱ्याच्या खसऱ्यात ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’ अशा नोंदी सापडतात, पल्याडच्या तलाठ्याच्या दप्तरात ‘झुडपी जंगल’. मूळ एकाच मालगुजारी व्यवस्थेतले, गुराढोरांचे आणि सरपणाचे हे रान. पण १९५६ नंतर त्याचे नशीब दोन राज्यांत दोन वाटांनी गेले. पूर्व विदर्भात झुडपी जंगल हा कित्येक दशके विकासाचा आणि कायद्याचा तंटा झाला. मध्य प्रदेशात वनखाते आणि महसूल खाते दोघांच्याही कागदांत अडकलेली जमीन नकाशावरच्या रंगावरून ‘नारंगी क्षेत्र’ म्हणून ओळखली जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ धरावा असे सांगितले, आणि २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगलाच्या जमिनी त्या आदेशानुसार वनजमिनीच ठरवल्या. १९९६ च्या त्या तारखेआधी वाटप झालेल्या जमिनींसाठी वेगळी वाट ठेवली. शंभर वर्षांपूर्वी दप्तरात कोणी तरी लिहिलेल्या एका विशेषणावर आज घरे, शाळा आणि चराया अवलंबून आहेत. जुन्या वनस्पती-मोजणीचा अभ्यास हा हौसेचा विषय उरलेला नाही तो याच कारणाने.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की गावचा कागद तरी निर्मळ कुठे होता? वाजिब-उल-अर्ज लिहिताना मालगुजाराचा शब्द जड असे. गोंड, बैगा, धिवर, भूमिहीन यांचा वापर कधी नोंदला गेला, कधी गळला. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. गावाचा थर चढवायचा तो शेवटचा निवाडा म्हणून चढवायचा नाही. तोही एक जबाबच आहे, आणि त्याचीही उलटतपासणी व्हायला हवी. पण वनखात्याच्या हेतूने काढलेला नकाशा पडद्यावर असावा, सैन्याच्या हेतूने काढलेला असावा, आणि ज्यांची गुरे तिथे चरली त्यांचाच कागद नसावा, याला तटस्थता म्हणता येत नाही. एका पक्षाची साक्ष सदोष असते म्हणून ती घ्यायचीच नाही, असा नियम केला तर कोणाचीच साक्ष घेता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. प्रत्येक थर हेतूने रंगलेला, प्रत्येकाची व्याख्या निराळी, तर मग या साऱ्या खटाटोपातून कळणार तरी काय? या प्रश्नाचे उत्तर कॅलिफोर्नियात सापडते. तिथे अल्बर्ट विस्लँडर यांच्या देखरेखीखाली १९२८ पासून १९४० पर्यंत वनस्पतींची मोजणी झाली. मोजणीदारांनी नुसते रंग भरले नाहीत. हजारो लहान चौकोन आखून त्यांतल्या झाडांची जात आणि जाडी नोंदली, तीन हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. बर्कली विद्यापीठाने तो सारा ठेवा संगणकावर आणला, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दिसले, की मोठ्या खोडांची झाडे घटली, लहान वाढली, आणि पाइनच्या मानाने ओक वाढले. नकाशात जो पट्टा तेव्हाही हिरवा आणि आताही हिरवा, त्याच्या पोटात हे घडले होते. म्हणजे थराखालची मूळ नोंद जितकी बारीक, तितका तो थर इतर थरांशी बोलू शकतो. आपल्याकडे अशी नोंद अगदीच नाही असे नाही. वनखात्याच्या कार्य आयोजनांत प्रत्येक कक्षाचा इतिहास असतो: कधी कापला, कधी जळला, बांबूला फुलोरा कधी आला, कोणती जात किती उभी होती. त्या नोंदी वनमंडळांच्या कपाटांतून पडद्यावर आल्या, त्यांच्या शेजारी गावाचे निस्तार पत्रक आले, तर कोऱ्या आणि हिरव्या रंगांच्या मधले पुष्कळ काही भरून निघेल. वेगवेगळ्या हेतूंचे तीन-चार साक्षीदार एखाद्या तुकड्याबद्दल एकच सांगत असतील तर ते बळकट सत्य; ते भांडत असतील तर त्या भांडणाची जागा हीच अभ्यासाची जागा.

तिसरा आक्षेप वनप्रेमींचा असू शकतो. झुडूप म्हणजे बिघडलेले जंगल हे नाकारले, तर कुऱ्हाडीला मोकळे रान मिळेल, अशी त्यांची भीती. ही भीती समजण्याजोगी आहे, पण ती इतिहासाला धरून नाही. जयश्री रत्नम आणि महेश शंकरन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे, की आपण ज्यांना विरळ जंगल म्हणतो त्यांतले पुष्कळसे भाग मुळात गवत आणि झाडे यांचे मिश्र माळरान आहेत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तर जुन्या मराठी वाङ्मयातल्या झाडाझुडपांच्या उल्लेखांवरून पश्चिम महाराष्ट्रातली अशी माळराने किमान साडेसातशे वर्षांची असल्याचे मांडले. त्यांचा निष्कर्ष पर्जन्यछायेतल्या मुलखाचा आहे, झाडीपट्टीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही; इथे पाऊस भरपूर आहे आणि सालवन खरेच उंच होते. पण त्यांची रीत इथे उपयोगी आहे. नकाशाच्या आधीचा पुरावा भाषेत असतो. किरनापूरच्या पंचक्रोशीत शेतांची, टेकड्यांची, तलावांची, पाड्यांची जी नावे झाडांवरून पडली आहेत, ती नोंदवून नकाशावर ठेवली, तर कोणतेही मोजणीपथक पोहोचण्याआधीच्या काळाचा एक थर हाती येईल. झुडपाला ऱ्हास न म्हणता झुडूप म्हटले, तर त्याला राखण्याचे कारण कमी होत नाही. चराई, सरपण, तेंदूपत्ता, मोह आणि पावसाचे पाणी अडवणारी मुळे, ही कारणे पुरेशी आहेत.

या सगळ्याची निकड सर्वांत जास्त दिसते ती २००६ च्या वन हक्क कायद्यात. अनुसूचित जमातींबाहेरच्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहिल्याचे दाखवावे लागते. हिशेब केला तर ती रेघ १९३० वर येते. जुन्या भूनकाशांचा, चॅम्पियनच्या वर्गवारीचा, जंगलघटीच्या त्या राष्ट्रीय आकड्याचा हाच काळ. कायद्याचे नियम पुरावा म्हणून गॅझेटिअर, बंदोबस्त अहवाल, नकाशे आणि उपग्रहचित्रे सगळीच मान्य करतात. पण २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. या लेखातली सगळी मांडणी त्या एका नियमात आलेली आहे. पडद्यावरचे चित्र कितीही स्वच्छ दिसले, तरी ते वरून आणि दुरून पाहणाऱ्याचे असते. म्हणून किरनापूरवर जो नवा थर चढेल त्याच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: मोजणी कोणी केली, कोणत्या वर्षी केली, आणि कशासाठी केली. आणि त्या थरावर ज्या तुकड्याला संकेताक्षर दिले आहे, त्याच्या शेजारी गावात त्या तुकड्याला काय म्हणतात तेही असावे. झाडीने आजवर आपल्याला घर, जळण, पाणी आणि नाव दिले. तिच्याविषयीच्या प्रत्येक जबाबाखाली तिच्यात राहणाऱ्यांचीही सही असावी, हे मागणे तिच्या इतिहासातूनच आलेले आहे.